कॅटलान: प्यादं जाऊ दे, सी५ सांभाळा

पावसाळाभर कॅटलान एके कॅटलान चाललंय. कॅटलान म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याने डाव उघडायची एक पद्धत. टिळकवाडीत संध्याकाळी पट मांडला की समोरचे काका काळी सोंगटी घेतात आणि संधी मिळताच सी४ वरचं (उभी रेघ सी, आडवी ओळ चौथी, तिथलं घर) माझं प्यादं उचलतात. वर “फुकट देऊलास काय रे?” हे ठरलेलं.

मांडणी तीच (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्यादं): डी४ – घोडा एफ६, सी४ – ई६, जी३ – डी५, उंट जी२. १९२९ च्या, कॅटलोनियातल्या बार्सिलोनाच्या स्पर्धेत बुद्धिबळपटू तार्ताकोव्हरने ही खेळली, तेव्हापासून हिला हे नाव. २००६ मध्ये एलिस्टाला टोपालोवविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत क्राम्निकने पहिल्याच डावात हीच काढली होती.

प्यादं परत मिळतंच. दोघांचा किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी चाल) झाल्यावर काळ्याने सी४ घेतलं, की वजीर सी२. मग ए६, वजीर सी४, बी५, वजीर सी२, उंट बी७. इथवर पाठांतर. खरा डाव पुढे, उंट डी२ पासून. हा उंट ए५ वर जायला बघतो. सी-रेघेवरून वजीर आणि ए५ वरून उंट, दोघांचं लक्ष एकट्या सी७ वर. काळ्याला सी५ ढकलता आलं तर त्याची सगळी अडचण संपते. नाही आलं तर तो हत्ती सी८ वर ठेवून राखणीला बसतो. आता माझी प्रत्येक चाल मी याच प्रश्नावर तपासतो: सी५ होतंय का?

काकांनी त्यावर उपाय काढलाय, उंट ई४. वजिराला सी१ वर हटावं लागतं आणि माझ्या जी२ च्या उंटासमोर त्यांचा उंट ठाण मांडून बसतो. चीड आणणारी चाल, पण चांगली.

म्हणून आठव्या चालीला, वजिराने सी४ घेण्याऐवजी, ए४ खेळून बघतोय. बी५ बंद होतं, पण बी४ चं घर कायमचं ढिलं पडतं आणि काळा उंट डी७ वरून सी६ ला येऊन पुन्हा माझ्या जी२ च्या उंटाचा कर्ण (तिरकी रेघ) अडवतोच. तरी मला हे जास्त पटलंय. वजिरा-वजिरी (दोन्ही वजिरांची मारामारी) झाली तरी दाब राहतो आणि काकांना घाईत हल्ला चढवता येत नाही.

प्यादं न घेता सी६ आणि घोडा डी७ लावून बसणाऱ्यांविरुद्ध ई४ चा धक्का कधी द्यायचा, ते आता हातात घेतलंय.