शंका एकच, डाउट आणि सस्पेक्ट मात्र दोन

तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मला शंका आहे’ हे इंग्रजीत सांगायचं तर डाउट म्हणायचं की सस्पेक्ट? शब्दकोश दोन्हींपुढे शंका, संशय असंच लिहितो, मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो थेट हो आणि नाहीइतका. ऑफिसात रजेचा मेसेज आला, ‘पोट बिघडलंय’. साहेब म्हणाले, ‘आय डाउट ही इज इल’. म्हणजे साहेबांच्या मते गडी ठणठणीत आहे, थापा मारतोय. तेच साहेब ‘आय सस्पेक्ट ही इज इल’ म्हणाले, तर गडी बहुधा खरंच आजारी आहे. डाउटमध्ये मन ‘नसावं’कडे झुकतं, सस्पेक्टमध्ये ‘असावं’कडे. आपली शंका दोन्हीकडे तोंड करून बसलेली असते, म्हणून घोटाळा.

पण मराठी वाक्य नीट ऐकलं तर ते स्वतःच उत्तर देतं. शंकेच्या आधी ‘अशी’ आहे की ‘याबद्दल’, एवढं बघा. ‘त्याने पैसे खाल्ले अशी शंका आहे’ म्हणजे खाल्ले असावेत: सस्पेक्ट. ‘त्याने पैसे खाल्ले याबद्दल शंका आहे’ म्हणजे खाल्ले नसावेत, निदान मला खात्री नाही: डाउट. क्रियापदही मदतीला येतं. शंका ‘येते’ तेव्हा जवळजवळ नेहमी सस्पेक्ट असतं. मनात पाल चुकचुकते ती हीच शंका, कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं तीही हीच. शंका ‘घेतली’ किंवा ‘काढली’ की गाडी डाउटकडे जाते, कारण तिथे कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते आपल्याला पटलेलं नसतं. सगळ्यात दगा देतं ते ‘की’चं वाक्य. ‘मला शंका आहे की तो आजारी आहे’ हे मराठी कानाला ‘आजारी असावा’ असं ऐकू येतं, आणि भाषांतर करताना हात सवयीने डाउट लिहून मोकळा होतो. वाक्याचा अर्थ उलटा होतो, पण व्याकरण बिनचूक असल्यामुळे तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतो. असं वाक्य समोर आलं की शंका हा शब्दच काढून टाकावा आणि ‘असावा’ की ‘नसावा’ हे एकदा मराठीतच ठरवून घ्यावं. बाकी काम आपोआप होतं.

नकार असेल तर आणखी जपून. ‘तो येणार नाही अशी शंका आहे’ याला ‘आय सस्पेक्ट ही वोन्ट कम’ चालेल आणि ‘आय डाउट ही विल कम’ही चालेल. चालणार नाही ते ‘आय डाउट ही वोन्ट कम’. डाउटच्या पोटात एक ‘नाही’ आधीच आहे. त्यात दुसरा घातला की दोन्ही फिटतात आणि पाहुणा येणार असं ठरतं. डाउटनंतर ‘दॅट’ आला तर अविश्वास जास्त, ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ आला तर मन अधांतरी, असा एक बारीक भेदही आहे. बोलताना तो सगळे पाळतात असं नाही.

डॉक्टरी कागदांत ही चूक महागात पडू शकते. ‘डॉक्टरांना डेंग्यूची शंका आहे’ हे सस्पेक्ट, आणि तपासण्या होईपर्यंत पेशंट ‘सस्पेक्टेड डेंग्यू’, म्हणजे आपल्या बातम्यांमधला संशयित रुग्ण. तिथे कुणी ‘डॉक्टर डाउट्स डेंग्यू’ लिहिलं, तर वाचणारा समजणार की डॉक्टरांनी डेंग्यू जवळपास बाजूलाच ठेवलाय.

कोर्टकचेरीत गंमत उलटी आहे. बातमीत पहिल्या दिवशी ‘संशयित आरोपी ताब्यात’ येतं आणि काही वर्षांनी ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’. संशय हा एकच शब्द, पण पहिला संशय माणसाच्या विरुद्ध होता, तो सस्पेक्टचा. दुसरा त्याच्या गुन्ह्याविषयी होता, तो डाउटचा. एकाने त्याला आत नेलं, दुसऱ्याने बाहेर काढलं. मराठी वाचक दोन्ही न अडखळता वाचतो, म्हणजे भेद आपल्याला कळतो, फक्त त्यासाठी वेगळा शब्द ठेवलेला नाही.

आता जिथे दोन्ही शब्द खरंच एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा. पुढे पूर्ण वाक्य नसून नुसतं नाम असेल तर काय? ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे माझा त्याच्यावर संशय आहे, हे त्याचंच काम. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही. इथवर वेगळे. पण ‘हिज मोटिव्ह्ज’, त्याचे हेतू, म्हटलं की सस्पेक्ट आणि डाउट दोन्ही चालतात आणि दोन्हींचा अर्थ एकच: त्याचा हेतू काही मला शुद्ध वाटत नाही. प्रामाणिकपणा, हेतू, एखाद्या हकिकतीचा खरेपणा अशा, चांगल्या असायला हव्यात अशा गोष्टींपुढे सस्पेक्टही अविश्वासच दाखवतो. विशेषण म्हणून आलेला सस्पेक्टही असाच: ‘सस्पेक्ट क्वालिटी’ म्हणजे दर्जाचं काही खरं नाही. या विशेषणाचा आणि नामाचा आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापदाचा दुसऱ्यावर.

सस्पेक्टमध्ये वाईटच काही असावं लागतं, हाही एक गैरसमज. ‘आय सस्पेक्ट यू आर राइट’ हे सभ्य कबुलीचं वाक्य आहे: तुमचंच बरोबर असावं. त्याचं ‘तुमचं बरोबर आहे अशी मला शंका आहे’ केलंत तर समोरचा दुखावेल किंवा हसेल. तसंच, पाऊस पडेल का याला ‘आय डाउट इट’ असं उत्तर आलं तर मराठीत ‘वाटत नाही’ म्हणावं, आणि ‘आय सस्पेक्ट सो’ला ‘पडेलसं दिसतंय’. शंका हा शब्द दोन्हीकडे आणूच नये.

इंग्रजीतही हा भेद पहिल्यापासून इतका लख्ख नव्हता. डाउटचं मूळ लॅटिन दुबितारे, त्यात ‘दोन’चा दुओ आहे, आपल्या द्विधा मनःस्थितीतला द्वि याच घराण्यातला. वाटेत फ्रेंचमध्ये त्याला भीतीचा अर्थ चिकटला. ‘रिडाउटेबल’ म्हणजे धाक वाटावा असा, तो तिथूनच आला. शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट म्हणतो, ‘आय डाउट सम फाउल प्ले’, तेव्हा त्याला काळंबेरं असल्याचा संशय आलेला आहे, म्हणजे आजचा सस्पेक्ट. स्कॉटलंडमध्ये तर अजूनही ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार बहुतेक. संस्कृतातल्या शङ्क् धातूतही भिणं, संशय घेणं आणि खात्री नसणं एकत्रच नांदतात, त्यामुळे शंकेला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. (डाउटमधला न उच्चारला जाणारा ‘बी’ मात्र पंडितांनी लॅटिनकडे बघून मागाहून घुसडलेला, ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दातल्यासारखाच.)

क्लासमध्ये विचारायची शंका हे तिसरंच प्रकरण. ‘सर, आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे सर्रास चालतं, कारण त्यामागे शंका विचारणं आणि शंकानिरसन आहे. स्पॅनिशमध्येही ‘दुदा’ असाच प्रश्नासाठी वापरतात. पण लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या क्लायंटला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर प्लॅन’ लिहिलंत, तर त्याला वाटेल की तुम्हाला त्याचा बेत पटलेला नाही. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. लघुशंकेचं भाषांतर मात्र यातल्या कशानेच करू नका.

राहिला ‘सस्पिशस’. ‘द वॉचमन वॉज सस्पिशस’ याचे दोन अर्थ होतात: वॉचमनला संशय आला होता, किंवा वॉचमनच संशयास्पद होता. पुढे ‘ऑफ’ आला तर संशय त्याच्या मनात आहे. ‘लुक्ड सस्पिशस’ असेल तर बहुधा संशय त्याच्यावर आहे. इथे मराठी वरचढ आहे. साशंक, संशयी, संशयास्पद आणि संशयित असे चार वेगळे शब्द आपल्याकडे तयार आहेत, तेव्हा इंग्रजी वाक्य मराठीत आणताना वॉचमन यातला नेमका कोणता, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.