तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आमच्या घरात बंदूक आहे

हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या सुरांत विचारला गेलाय, की एकदाच नीट लिहून टाकते. पुण्याच्या आत्या जेवता जेवता विचारतात. सांगलीची वहिनी बाजूला घेऊन विचारते. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या, त्या आठवड्यात भाचीने मेसेज केला होता, "मावशी, तुमच्याकडे बंदूक आहे हे खरं का? तूसुद्धा?" इथे ह्यूस्टनच्या मंडळातही विचारतात, पण त्यांच्या प्रश्नात आधीच निकाल लागलेला असतो. आणि ऑफिसातले टेक्सासचे लोक विचारतात, "एकच?"

हो, एकच. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, 2017 पासून. भिंतीला बोल्टने बसवलेल्या तिजोरीत, रिकामं. गोळ्या वेगळ्या पेटीत, तिला वेगळं कुलूप. गोळीबारांच्या बातम्या मला पाठवू नका. माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकली. वर्गाचं दार लावून, दिवे घालवून, भिंतीला टेकून गप्प बसायचा सराव तिने पहिलीपासून केलाय. मला काय चाललंय ते माहीत आहे.

मग का घेतलं?

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहराच्या हद्दीबाहेर राहतो. इथे शहराचे पोलीस नाहीत, काउंटीचा शेरीफ आहे. त्याची गाडी किती वेळात येईल हे त्या रात्री ती कुठे असेल त्यावर ठरतं. नवरा तेलविहिरींच्या कामासाठी पश्चिम टेक्सासातल्या पर्मियन बेसिनमध्ये, आठवडेच्या आठवडे घराबाहेर. आणि 22 फेब्रुवारी 2017 ला कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोटला हा 32 वर्षांचा इंजिनिअर काम संपवून मित्राबरोबर एका बारमध्ये बसला होता. "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत एका माणसाने गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला. त्यानंतर आमच्या फोनवरच्या गप्पा बदलल्या. दुकानात कुणी मागे उभं राहिलं तरी मी वळून बघायला लागले.

घरातल्या पिस्तुलाचा त्या बारमध्ये काही उपयोग झाला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्या ठिकाणाची निम्म्याहून जास्त कमाई दारूची असते तिथे टेक्सासात परवाना असलेल्यानेही पिस्तूल नेणं गुन्हा आहे. तरी मी घेतलं. भीतीवर काहीतरी करायचं होतं आणि इथे करण्यासारखं हे एक होतं, दुकानात सहज मिळणारं. 4473 नंबरचा फॉर्म भरला, दुकानदाराने एफबीआयकडे चौकशी केली, काही मिनिटांत होकार आला. आमच्या काकांकडे शेतीच्या राखणीसाठी बारा बोअरची बंदूक होती. तिच्या परवान्यासाठी त्यांनी जिल्हाधिकारी कचेरीत घातलेले हेलपाटे मला आठवतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. सरकार मधेच "दाखव" म्हणू शकतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. इथे कुणी कधीच "दाखव" म्हणत नाही.

मी मात्र शिकले, आणि मन लावून शिकले. त्या वेळी पिस्तूल अंगावर बाळगायला टेक्सासात परवाना लागायचा. वर्ग, लेखी परीक्षा, मग रेंजवर 50 गोळ्या: 20 तीन यार्डांवरून, 20 सातवरून, 10 पंधरावरून. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना हे काहीच करावं लागत नाही, आणि मला तो बदल अजिबात पटलेला नाही. त्या वर्गात मला चार नियम मिळाले ते हाडात मुरलेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जे उडवायचं नाही त्याच्यावर नळी धरायची नाही. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. लक्ष्य काय आणि त्याच्या मागे काय, हे बघायचं. मास्तर चांगले होते. पोरांच्या हाती लागू नये म्हणून कुठे, कसं ठेवायचं हे त्यांनी शिकवलं. भांडण अंगावर आलं तर माघार कशी घ्यायची हेही शिकवलं. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाबद्दल तर ते तासभर बोलले.

घरातल्या माणसाबद्दल कुणी बोललं नाही.

पुढची तीन-चार वर्षं जो विचारेल त्याला मी ठसक्यात सांगायचे: शिक्षण घेतलंय, कुलूप लावलंय, माझ्या बंदुकीने कुणाला धोका नाही. त्या बाईशी मी आजही मनात भांडते. ती खोटं बोलत नव्हती. अपघातापुरतं तिचं म्हणणं खरंच होतं. पण या देशात बंदुकीने जाणाऱ्यांत अपघाती मरणारे अगदी थोडे. 2022 मध्ये 48 हजारांहून अधिक लोक बंदुकीच्या गोळीने मेले, त्यातल्या सुमारे 27 हजार आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. हा आकडा मी वाचलेला होता. वाचूनही तो परक्यांचा वाटायचा.

आता ज्या रात्रीमुळे हे लिहितेय ती रात्र. त्या दोघांना विचारून लिहितेय, नावं लिहिणार नाही.

20 एप्रिल 2020 ला तेलाचा भाव शून्याखाली गेला. त्या वर्षी ह्यूस्टनमध्ये घरोघरी नोकऱ्या गेल्या. हा आमचा मित्र भूगर्भशास्त्रज्ञ, मंडळाच्या नाटकात हमखास मोठं काम करणारा, घरी गेलं की स्वतः पोहे टाकणारा. मार्चमध्ये, साथ आल्यावर, दुकानांबाहेर बंदुकांसाठी रांगा लागल्या होत्या. तोही त्या रांगेत उभा राहिला. लूटमार होईल, पोरं लहान आहेत, असं त्याचं म्हणणं. मग मला म्हणाला, "ताई, मला नीट शिकव." मी रेंजवर नेलं. पकड, उभं राहणं, ते चार नियम. हुशार माणूस, लगेच शिकला. उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, झोपलात का?" आवाज इतका खाली की मी उठूनच बसले. "हा गॅरेजमध्ये बसलाय. गाडीत. दिवा न लावता. आणि ते ड्रॉवरमध्ये नाहीये."

मी म्हटलं, नाइन वन वन फिरव. ती म्हणाली, "पोलीस आले आणि हा ते हातात घेऊन बाहेर आला तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. अंधाऱ्या गॅरेजमधून हातात पिस्तूल घेऊन बाहेर आलेला सावळा माणूस आणि समोर दोन घाबरलेले पोलीस, हे चित्र आम्हा दोघींना एकाच वेळी दिसलं. मी म्हटलं, मुलांना उठव, शेजारी जा, मी निघाले. आणि मी पोहोचायच्या आत काहीही वेगळं वाटलं तर माझी वाट बघू नकोस, लगेच फिरव.

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. मी आत गेले नाही. बाहेर ड्राइव्हवेवर, त्याला दिसेन अशी बसले आणि हाक मारली. बराच वेळ काही नाही. मग त्याने गाडीची काच खाली केली. मी विचारलं, "जवळ आहे का?" तो म्हणाला, "शेजारच्या सीटवर." "भरलेलं?" "हो." मी विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का?" आपल्याकडे असं थेट विचारत नाहीत. विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात भरते, असं समजतात. तसं होत नाही. उलट तो मोकळा झाला. म्हणाला, "ठरवलेलं नाही. पण हे जवळ असलं की ठरवायला लागत नाही."

मी म्हटलं, मग आजची रात्र ते माझ्याकडे दे. त्यावर त्याने जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. "आणि चोर आला तर? पोरांना कोण बघणार?" त्याला ते खरंच वाटत होतं. ज्या गोष्टीने तो स्वतः पोरांपासून तुटणार होता, तीच पोरांना वाचवेल असं त्याच वेळी, त्याच डोक्यात.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. नोकरीबद्दल बोललो, त्याच्या आईबद्दल बोललो, विमानं बंद असल्याने ती अकोल्यात एकटी अडकली होती त्याबद्दल बोललो. शेवटी तो उतरला. नळी जमिनीकडे. बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ, फ्रेमला लावून. मॅगझीन काढलं, स्लाइड मागे ओढली, चेंबरमधली गोळी फरशीवर पडून घरंगळत गेली. पुन्हा आत बघितलं, बोट घालून चाचपलं, आणि स्लाइड उघडीच ठेवून मूठ माझ्याकडे करून दिलं. मी शिकवलेलं सगळं त्याने केलं. एकही चूक नाही.

माझ्या डोक्यात ते अजून तसंच आहे. तो माणूस रेंजवर सुरक्षितच होता. माझ्या शिकवण्यात काही कमी नव्हतं आणि त्या शिकवण्याचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता. बाकीच्या बऱ्याच मार्गांत माणूस वाचू शकतो, मदत पोहोचू शकते, मन बदलू शकतं. बंदुकीने प्रयत्न केलेले दहातले जवळपास नऊ जण वाचत नाहीत. ती वाईट घटका टळली तर बहुतेक जण पुढे जगतात. मग सगळा प्रश्न त्या घटकेला हाताशी काय आहे एवढाच उरतो.

त्याचं पिस्तूल माझ्या तिजोरीत आलं. टेक्सासात ओळखीच्याने ओळखीच्याकडे असं ठेवायला कागद लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधं सुरू झाली, पुढे वेगळ्याच क्षेत्रात नोकरी मिळाली. आणि उन्हाळा येता येता तो माझ्या दारात आला. "ताई, माझं दे."

मी म्हटलं, विकून टाक, मी घेते विकत. तो म्हणाला नाही. मी म्हटलं, अजून थोडे महिने थांब. तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याकडेही आहे ना? तुझं डोकं ठिकाणावर आणि माझं नाही, हे ठरवणारी तू कोण?"

कोण होते मी? कायद्याने वस्तू त्याची. वीसेक राज्यांत असं माणूस धोक्यात असल्याचं सांगून काही काळासाठी बंदूक काढून घ्यायचा हुकूम न्यायालयाकडून मिळवता येतो. कनेक्टिकटने ही वाट 1999 मध्येच केली. टेक्सासात ती नाही, आणि 2025 मध्ये तर असे हुकूम राज्यात चालणार नाहीत असाच कायदा झाला. असती तरी मी मित्राविरुद्ध अर्ज केला असता का? मला नाही वाटत. ते माझं मोठेपण नाही, भिडस्तपणा आहे.

मी परत दिलं. डॉक्टरांची हरकत नव्हती, त्याच्या बायकोने तिजोरी आणली होती आणि तिचा आकडा एकट्या तिलाच माहीत आहे. तो बरा आहे, यंदा नाटकातही होता. लोक म्हणतात, मग झालं की चांगलं. मला तसं वाटत नाही. चांगलं झालं हे रोज नव्याने व्हायला लागतं, आणि तिजोरीचा आकडा सांभाळणारी बाई आजारी पडते, भारतात जाते, दमते.

यावर तुमचा पुढचा प्रश्न येतोच: इतकं सगळं बघून तुझं का ठेवलंस?

माझं उत्तर हे असायचं, की माझ्याकडे तिजोरी होती आणि मी या लोकांतली होते, म्हणून तिने मला फोन केला. बंदुकांना नाक मुरडणाऱ्या मैत्रिणीला केला नसता, आणि त्यानेही तिच्या हाती दिली नसती. यात तथ्य आहे. न्यू हॅम्पशरमध्ये 2009 साली एकाच दुकानातून बंदूक घेऊन तिघांनी, एकमेकांची ओळख नसताना, आठवड्याच्या आत, खरेदीनंतर काही तासांतच जीव दिला. तेव्हा तिथले दुकानदारच सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्यांबरोबर बसले, गिऱ्हाईक ओळखायचं कसं आणि नाही म्हणायचं कसं, हे ठरवलं. कोलोरॅडोत कठीण काळात बंदूक ठेवून घेणाऱ्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशा आहे. हे काम आतल्या माणसांनी केलं तर ऐकलं जातं. माझा त्यावर विश्वास आहे, आणि आमच्या मंडळात आता मी उघड सांगते: रात्री दोन वाजताही आणून द्या, मी काही विचारणार नाही. ते जमत नसेल तर 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, पण एकटे बसू नका.

मुलगी ऑस्टिनला शिकते. मागच्या सुट्टीत तिने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, त्यासाठी तिजोरी लागते. तिजोरी ठेव ना. पिस्तूल विक."

तिचं खरं आहे. कॅलिफोर्नियात अडीच कोटींहून अधिक लोकांची बारा वर्षांची नोंद तपासून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःच्या नावावर पिस्तूल असलेल्या स्त्रियांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या 35 पट निघालं. पुरुषांचं आठ पट. मी पन्नाशी ओलांडलेली, महिन्यातले बरेच दिवस एकटी राहणारी बाई आहे, त्या आकड्याबाहेरची नाही. माझं पिस्तूल रिकामं आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात असतात, म्हणजे चोर आलाच तर त्याचा फारसा उपयोग नाही, हेही तिने दाखवून दिलं. तरी नवरा पर्मियनला निघाला की त्या रात्री मला ती तिजोरी रिकामी नको असते. याला तर्काचा आधार नाही, मी देऊ शकत नाही. तिने दिवाळीला पुन्हा विचारणार असं सांगून ठेवलंय. तोपर्यंत तुम्ही विचाराल तर उत्तर हेच आहे: हो, अजून आहे.