डायनॅमो हलला आणि बाइक खाली बसली: मोटो गुत्झी ८५० ल मान्स

सत्तरच्या दशकातल्या इटालियन स्पोर्ट बाइकचा विषय निघाला की डुकाटी ९०० सुपर स्पोर्ट आणि लावेर्दा जोटा ही नावं आधी येतात. डुकाटीचं बेव्हल गिअरवालं इंजिन म्हणजे घड्याळजीचं काम, आणि जोटाची ताकद तर दांडगीच. पण या तिघींतली एक ठेवायची, ती लांब पल्ल्याला न्यायची आणि तिची दुरुस्ती स्वतःच्या हातांनी करायची, तर माझं मत मोटो गुत्झीच्या ८५० ल मान्सला. लाल रंग आणि हँडलभोवतीची इवलीशी फेअरिंग लोकांना आधी दिसते. खरी करामत मात्र इंजिन किती खाली बसवलंय यात आहे.

गुत्झीची व्ही७ बाजारात आली १९६७ मध्ये. अभियंते जुलिओ चेझारे कार्कानो यांनी घडवलेलं तिचं ७०३ सीसीचं व्ही-ट्विन इंजिन भक्कम होतं. पण डायनॅमो इंजिनाच्या डोक्यावर, दोन सिलिंडरच्या बेचक्यात बसवलेला आणि पट्ट्यावर फिरणारा. त्याच्यावरून फ्रेम न्यायची म्हणून टाकी उंच, सीट उंच, सगळीच गाडी उंच. पोलिसांना आणि प्रवासाला ठीक, वळणावर झोपवायला नाही. १९७१ च्या व्ही७ स्पोर्टसाठी अभियंते लिनो तोंती यांनी डायनॅमो काढून टाकला आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या टोकावर अल्टरनेटर बसवला. बेचकं रिकामं झालं. त्यातून फ्रेमच्या नळ्या हेडस्टॉकपासून (हँडलचा खांब बसतो तिथून) मागे जवळजवळ सरळ नेता आल्या आणि गाडी एकदम बुटकी झाली. याच फ्रेममध्ये ८४४ सीसीचं इंजिन घालून ल मान्स तयार झाली, १९७५ च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात दिसली आणि १९७६ पासून विकली जाऊ लागली.

बोअर ८३ मिमी, स्ट्रोक ७८ मिमी, कॉम्प्रेशन १०.२ ला १, डेलोर्टोचे ३६ मिमीचे दोन पीएचएफ कार्ब्युरेटर, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ७३०० आरपीएमला ७१ हॉर्सपॉवर. एअर फिल्टर नाहीच. कार्ब्युरेटरच्या तोंडाला उघडे कर्णे. धुळीच्या रस्त्यावर असली गाडी नेणाऱ्याने फोमचे फिल्टर लावावेत आणि मग जेटिंग (पेट्रोलचं प्रमाण) पुन्हा बघावं. थ्रॉटलच्या स्प्रिंगा इतक्या कडक आहेत की तासाभरात उजवं मनगट बोंबलतं. बरेच मालक मऊ स्प्रिंगा घालतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला असल्याने उभ्या गाडीवर थ्रॉटल झटकला की गाडी उजवीकडे डुलते. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. चालत्या गाडीत ते विसरायला होतं. मागचं चाक साखळीने नाही, शाफ्टने फिरतं, त्याचं मात्र भान ठेवावं लागतं: थ्रॉटल उघडला की मागची बाजू वर उचलते, बंद केला की बसते. म्हणून वळणाच्या मधोमध थ्रॉटल सोडायचा नाही. वेग आधी उतरवायचा आणि वळणभर हलका थ्रॉटल धरून ठेवायचा. गिअरलाही घाई चालत नाही. फ्लायव्हील जड आहे. पायाने लिव्हरवर आधी किंचित दाब द्या, मग क्लच, मग सावकाश पण पूर्ण दाब.

ब्रेक हा वेगळाच प्रकार. पायाच्या पेडलवर मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकत्र लागतात. हाताच्या लिव्हरवर फक्त पुढची उजवी. डिस्क बिडाच्या आहेत, त्यामुळे पावसानंतर एका रात्रीत तांबूस होतात. पहिल्या दोन ब्रेकमध्ये गंज निघून जातो, घाबरू नका. या एकत्र लाइनमधली हवा काढणं मात्र चिकाटीचं काम आहे. कॅलिपर सुटा करून ब्लीड निपल (हवा सोडायचा स्क्रू) सगळ्यात वर येईल असा धरायचा, पिस्टन बाहेर निसटू नयेत म्हणून पॅडच्या मध्ये लाकडाची फळी अडकवायची, आणि मगच पेडल मारायचं. पेडल तरीही स्पंजासारखं लागलं तर हवा बहुधा लाइनच्या उंचावरच्या जोडात अडकलेली असते. तो जोड जरासा सैल करून तिथूनही ती सोडावी. ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा आजूबाजूला आधी फडकी अंथरा.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायचं काम असं की ते करताना गुत्झीवर जीव जडतो. दोन्ही हेड बाहेर आलेली, टाकी काढायची गरज नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, रॉकर कव्हर काढा (खाली भांडं ठेवा, तेल ठिबकतं), आणि बेलहाउसिंगवरचं (फ्लायव्हीलच्या आवरणावरचं) रबरी बूच काढून फ्लायव्हीलवरच्या खुणा बघा: डी म्हणजे उजवा सिलिंडर, एस म्हणजे डावा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी) आणून दोन्ही व्हॉल्व्हना ०.२२ मिमी फट. दोन्ही रॉकर सैल लागत नसतील तर तुम्ही चुकीच्या फेरीवर आहात; क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. लॉकनट आवळल्यावर फीलर गेज पुन्हा घालून बघा, कारण आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो. त्या काळच्या डुकाटीला हेच काम शिम (पातळ चकत्या) बदलून करावं लागतं.

तेलाचं गणित सोपं: इंजिनात ३ लिटर, गिअरबॉक्समध्ये ७५० मिली, मागच्या ड्राइव्हमध्ये २५० मिली. इंजिनात जास्त भरलं तर ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. तेलाचा फिल्टर संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) आत आहे, म्हणजे तो बदलायला संप उतरवावा लागतो. या कटकटीमुळे अनेक गाड्यांचा फिल्टर वर्षानुवर्षं बदललेला नसतो. विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच.

दुसरा प्रश्न सिलिंडरचा, आणि तो सगळ्यात महागडा. मूळ सिलिंडर ॲल्युमिनियमचे, आतून हार्ड क्रोमचा थर दिलेले. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की क्रोमखाली गंज शिरतो आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. ते कण तेलात मिसळून क्रँकवरच्या बिग एंड बेअरिंगपर्यंत जातात. म्हणजे रोग सिलिंडरचा आणि जीव जातो क्रँकचा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून भिंतींवर फोड किंवा डाग दिसतात का ते बघा, आणि संपच्या तळात चमकणारे कण शोधा. क्रोमचा बोअर वाढवून घेता येत नाही. उपाय म्हणजे निकासिल (निकेल-सिलिकॉन कार्बाइड) थराचे सिलिंडर आणि जोडीचे नवे पिस्टन. कमी किलोमीटर दाखवणारी, गोदामात झाकून ठेवलेली गाडी म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची.

अल्टरनेटर पुढे नेल्याचा एक तोटाही समजून घ्या. चार्जिंगचा लाल दिवा इथे शोभेचा नाही. रोटरला (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो, तो बल्ब गेला की चार्जिंग सुरूच होत नाही. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर आधी बल्ब, मग ब्रश, मग रोटर तपासा. रोटरवरच्या दोन स्लिप रिंगमधला रोध ३ ते ४ ओहम यायला हवा. मीटरने अनंत दाखवलं तर रोटरची वायर तुटली. क्रँकच्या टोकावर उष्णता आणि कंप दोन्ही असल्याने हे नेहमीचंच. रोटर टेपरवर घट्ट बसलेला असतो, त्याला हातोडी लावू नका. बोल्ट काढून भोकात कडक पोलादाची योग्य लांबीची सळी सोडायची आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. रोटर टक्कन सुटतो.

क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं तर इंजिन बाहेर ओढत बसू नका. फ्रेमच्या खालच्या दोन नळ्या बोल्टच्या आहेत. इंजिन ठोकळ्यांवर टेकवा, त्या नळ्या सोडवा आणि फ्रेमच मागून वर उचला. गिअरबॉक्स मोकळा समोर येतो. हीही तोंतींचीच देणगी.

पहिल्या मालिकेच्या गाड्या १९७८ पर्यंतच्या. नंतरच्या मार्क २ वर कोनदार, मोठी फेअरिंग आली, आणि १९८४ च्या ल मान्स १००० ला फॅशनपायी पुढे १६ इंची चाक दिलं. ते वळणावर कुणालाच आवडलं नाही, पुढे पुन्हा १८ इंच झालं. पहिल्या मालिकेला भाव जास्त, म्हणून गुत्झीच्याच टी३ किंवा मार्क २ चे भाग जोडून बनवलेल्या नकलाही फिरतात. फ्रेम आणि इंजिन दोन्हींचा नंबर व्हीईने सुरू होतो का बघा. मार्क २ लाही तीच अक्षरं असल्याने तेवढ्यावर थांबू नका, वर्ष आणि भाग वेगळे तपासा. मूळ सीट एकसंध फोमची, टाकीवर किंचित चढणारी. ती इतकी फाटते की धड अवस्थेत दिसली तर बहुतेक वेळा नवी बनवलेली असते. आणि तसं असणं काही वाईट नाही.

सुट्या भागांची चिंता कमी आहे, कारण याच घराण्याचं इंजिन गुत्झीने पुढे अनेक वर्षं वापरलं आणि युरोपात नवे भाग अजून बनतात. आज गुत्झी पियाजिओच्या मालकीची आहे. होय, बारामतीत आपे रिक्षा बनवणारी तीच. म्हणून ल मान्सचा क्लच बारामतीत मिळेल अशी आशा मात्र धरू नका.