मुंबईचं जहाज की सिंगापूरचं? विदर्भातून निघणाऱ्याचा हिशेब

क्रूझची जाहिरात हातात आली की आपला माणूस आधी भाडं बघतो, आणि चूक तिथूनच सुरू होते. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या गावांतून मुंबईचा समुद्र सातशे-आठशे किलोमीटर लांब. म्हणून घराला कुलूप लावल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंत किती दिवस, किती कागद आणि किती पैसे लागतात, ते आधी मांडायचं. दोन कंपन्यांची तुलना त्यानंतर.

आपल्याकडे बहुतेकांसमोर येणारे पर्याय दोन. एक, मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’. दुसरं, सिंगापूरहून निघणारं रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसचं ‘गेंटिंग ड्रीम’. दोन्ही कंपन्या तशा नव्या. कॉर्डेलियाच्या फेऱ्या 2021 च्या सप्टेंबरात सुरू झाल्या, रिसॉर्ट्स वर्ल्डच्या 2022 च्या जूनमध्ये. जहाजांचं वय मात्र वेगळं. एम्प्रेस 1990 चं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. गेंटिंग ड्रीम 2016 चं. एम्प्रेसची लांबी सुमारे 211 मीटर आणि आकारमान 48,500 ग्रॉस टनांच्या आसपास. गेंटिंग ड्रीम 335 मीटर आणि दीड लाख ग्रॉस टन. यातलं ‘टन’ वजनाचं नाही, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. म्हणजे दुसऱ्या जहाजात पहिल्याच्या तिप्पट जागा, आणि माणसंही तशीच जास्त.

आता तारखा. कास्तकाराच्या घरी सुटी शाळेच्या वेळापत्रकावर ठरत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, मग तूर, फेब्रुवारी-मार्चात हरभरा आणि गहू. मधे जी फट सापडते ती बहुधा जानेवारीच्या शेवटची, नाहीतर मग थेट एप्रिल-मे. मुंबईच्या जहाजाला जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरा, अरबी समुद्र तेव्हा शांत असतो. मेच्या शेवटी वारा फिरतो आणि पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असतो. 2022 आणि 2023 च्या पावसाळ्यात एम्प्रेस याच कारणाने चेन्नईकडे नेलं होतं. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये ‘मुंबईहून’ असं गृहीत धरून सुटी टाकू नका, आधी सुटण्याचं बंदर विचारा. सिंगापूरचं जहाज वर्षभर चालतं. तिथला समुद्र, विशेषतः सुमात्रा आणि मलेशियाच्या मधली मलाक्काची सामुद्रधुनी, दोन्हीकडून जमिनीच्या आडोशाला असल्याने लाटा कमी. म्हाताऱ्या माणसांच्या पोटाला हा फरक कळतो.

मुंबईची वाट सोपी. विदर्भ एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला सोडते, आणि बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल तिथून दोनेक किलोमीटरवर आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. जहाजावर चढणं दुपारी असतं, त्यामुळे गाडी दोन तास उशिरा आली तरी बहुधा निभतं. पण सहा तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि त्याचे पैसेही परत येत नाहीत. सुटण्याच्या तास-दीड तास आधी दार बंद होतं, मग शिडीजवळ उभं राहून हात जोडले तरी उपयोग नाही. आदल्या दिवशी मुंबईत पोचणं शहाणपणाचं. शिवाय रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून फक्त 60 दिवस आधी उघडतं आणि क्रूझ मात्र सहा महिने आधी बुक होते. गाडीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर जहाजाचं तिकीट खिशात आणि रेल्वेचं वेटिंग दीडशे. परतीला जहाज सकाळी लागतं, सगळे उतरेपर्यंत दहा-अकरा वाजतात. त्या दिवशीची संध्याकाळची गाडी धरा, सकाळची अजिबात नको.

दोन रात्रींच्या मुंबई क्रूझला हिशेब असा पडतो: पहिल्या संध्याकाळी गाडीत बसलात तर पाचव्या दिवशी सकाळी घरी. आदल्या दिवशी पोचायचं ठरवलं तर एक दिवस वाढवा. मागे राहणारा माणूस ढोरांचं बघू शकेल एवढ्यात हे मावतं.

सिंगापूरला नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई, चेन्नई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. चंद्रपूर-वणीकडच्यांनी मुंबईचा नाद सोडून हैदराबाद बघावं. बल्लारशाहून सिकंदराबाद रेल्वेने एका दिवसात जमतं आणि पुढे थेट विमान आहे. ज्या दिवशी विमान उतरतं त्याच दिवशी जहाज कधीच धरू नका. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, हे विसरून दुपारचं जहाज सकाळच्या विमानाला जोडणारे लोक फसतात. एक रात्र तिथल्या हॉटेलात घाला. म्हणजे तीन रात्रींच्या क्रूझसाठी घर सोडून सात-आठ दिवस होतात.

कागदांत फरक सगळ्यात मोठा. मुंबई-गोवा फेरीला आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपची फेरी असेल तर प्रवेशाचा परवाना लागतो. त्याची माहिती कंपनी आधी मागते, ती दिलेल्या मुदतीत भरा. सिंगापूरला पासपोर्ट हवा, प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने वैध. घरात कोणाकडेच नसेल तर प्रौढांचा 36 पानी पासपोर्ट साध्या पद्धतीने 1500 रुपयांत होतो. खरा वेळ जातो नावात. सासूबाईंच्या आधारावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पॅनवर तिसरंच. हे आधी एकसारखं करून घ्या आणि मगच अर्ज भरा. पोलीस पडताळणीला शिपाई गावात येतो तेव्हा माणूस वावरात असेल तर अर्ज अडकतो, म्हणून घरी सांगून ठेवा. जहाजाचं तिकीट, विमानाचं तिकीट आणि व्हिसा या तिन्हींवर पासपोर्टमधलं स्पेलिंग जसंच्या तसं हवं, एका अक्षराचाही फरक नको.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढतात. तो हातात आला की ‘मल्टिपल’ शब्द आधी शोधा. जहाज सिंगापूर सोडून मलेशियाला जातं आणि परत येतं, म्हणजे तुमचा सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर काउंटरवरच अडवतात. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढली आहे. निघण्याआधी ती सवलत चालू आहे ना, ते एजंटाकडून लेखी घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, जाताना एकदा आणि जहाजावरून परतताना पुन्हा. ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही.

बंदरांच्या नावांत मोठा गोंधळ आहे. ‘मुंबई–हाय सी–मुंबई’ लिहिलेलं असेल तर ते जहाज कुठेही लागत नाही, समुद्रात फिरून परत येतं. गोवा बघायला मिळेल म्हणून लोक हीच फेरी घेतात. गोव्याचं जहाज मुरगावला लागतं. वास्को जवळ आहे, पणजी रस्त्याने साधारण 30 किलोमीटर. एवढ्या थोड्या तासांत किनारा किंवा देऊळ, यातलं एकच धरा. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकून लहान बोटींतून माणसं उतरवतात, आणि लाट उठली की उतरणं रद्द. त्यात कंपनीचा दोष नसतो, पण भाडंही परत येत नाही. तिकडे ‘पोर्ट क्लांग’ म्हणजे क्वालालंपूर नव्हे. शहर तिथून रस्त्याने तासाभराच्या वर आहे, म्हणजे जाण्या-येण्यातच अर्धा दिवस गेला. पेनांगला मात्र जहाज जॉर्ज टाऊनच्या अगदी कडेला लागतं, पायी फिरता येतं. मला विचाराल तर सिंगापूरच्या फेऱ्यांत पेनांग असलेलीच घ्यावी.

खोली निवडताना बंडी आठवा. बंडीत आखाच्या वर बसलेल्याला जेवढा हेलकावा बसतो, त्यापेक्षा मागच्या टोकावर पाय सोडून बसलेल्याला कितीतरी जास्त. जहाजाचंही तसंच. पुढचं आणि मागचं टोक वरखाली होतं, मधला भाग कमी हलतो, आणि जितकं वर तितकं डोलणं जास्त. ज्याला एसटीच्या घाटातही मळमळतं, त्याने खालच्या डेकवरची मधली खोली मागावी. गोळी डॉक्टरला विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. एकदा उलटी लागली की ती पोटात टिकत नाही.

एम्प्रेस जुन्या पद्धतीचं असल्यामुळे बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि साध्या खोल्या फार लहान. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा नाही. गेंटिंग ड्रीमवर बऱ्याच खोल्यांना बाल्कनी आहे. बाल्कनीसाठीच मन ओढत असेल तर मुंबईच्या जहाजावर तिचा भाव ऐकून सिंगापूरचंही भाडं मागवा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं कमी असतं खरं, पण त्याची झोप भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या पलंगावर. आजीला तिथे चढवता येणार नाही. आणि एकटा माणूस गेला तर त्याला बहुधा दोघांचं भाडं पडतं.

आता पैसे. जाहिरातीतल्या आकड्यात बंदर शुल्क, कर आणि सेवकांची दक्षिणा धरलेली असते की नाही, हे एकाच वाक्यात विचारा: “माणशी सगळं धरून किती, लिहून द्या.” समजा जाहिरात वीस हजार म्हणते आणि लेखी उत्तर सत्तावीस आलं, तुलना सत्तावीसशी करायची. दोन्ही जहाजांवर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावर खर्च चढतो. मुंबईच्या जहाजावर तो रुपयांत, सिंगापूरच्या जहाजावर सिंगापूर डॉलरमध्ये. दारू, कॅसिनो, इंटरनेट आणि खास हॉटेलं भाड्याबाहेर. परदेशात कार्ड चालवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर बंदच असते, ती निघण्याआधी चालू करा. जिल्हा बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कार्डावर ही सोय बहुधा नसतेच. डेबिट कार्ड दिलं तर अनामत म्हणून खात्यातले खरे पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस लागतात. त्या खात्यातून बियाण्याचे पैसे द्यायचे असतील तर भलतीच पंचाईत.

एक गोष्ट एजंट क्वचित सांगतात. भारतातून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो कर तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो, पण परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून अनेक कास्तकार रिटर्न भरतच नाहीत, आणि मग ते पैसे तसेच पडून राहतात. ज्याच्या नावाने रिटर्न भरलं जातं त्याच्याच पॅनवर पॅकेज घ्या. मुंबई-गोव्याला ही भानगड नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी आणि जैन जेवण दोन्हीकडे मिळतं. मुंबईच्या जहाजावर ते जास्त घरगुती, तिकडे बुफेत चायनीज आणि मलय पदार्थांचा वास नाकात शिरतो. ज्यांना तो चालत नाही त्यांनी भारतीय शाकाहारी काउंटर पहिल्याच दिवशी शोधून ठेवावा. एकादशीचा उपास असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. घरचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात विमानातून जाते, पण जहाजावर चढताना बाहेरचं खाणं काढून घेऊ शकतात. शिजवलेलं तर नेऊच नका. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्डही काढून ठेवतात, कारण आगीची भीती.

आणि खर्रा. सिंगापुरात खायचा तंबाखू आणणं बेकायदा आहे, मग तो पुडीत असो की पन्नीत घोटलेला. सिगारेटवर पहिल्या कांडीपासून शुल्क, ई-सिगारेट तर पूर्ण बंद. ज्याला तासातासाला पुडी लागते त्याने आधी सवय मोडावी, नाहीतर मुंबईचं जहाज घ्यावं. तिथेही डेकवर पिचकारी मारता येत नाही ते वेगळं.

म्हणून माझं मत असं: घरात दोघं सत्तरीच्या पुढचे, पासपोर्ट कोणाकडे नाही आणि चार दिवसच मोकळे, तर मुंबई-गोवा, जानेवारीच्या शेवटी, मधली खोली. पोट्टे दहा ते अठराचे, पासपोर्ट तयार आणि आठवडा हाताशी, तर सिंगापूर. त्या जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या आणि दोरीवरच्या कसरती आहेत, पोरं खोलीत सापडणार नाहीत. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा गरोदरपणाचे 24 आठवडे होत आले असतील तर बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत, तो बेत पुढच्या वर्षी.

चढल्यावर मोठी बॅग हातात राहत नाही. चिठ्ठी लावून ती घेतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येते, तोवर बीपीच्या गोळ्या, चष्मा, कागद हातातल्या पिशवीत हवेत. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची. किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर टाका; समुद्रातल्या नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर गावाकडच्या एका मिस्ड कॉलचंही बिल लागू शकतं. शेवटच्या रात्री मोठी बॅग पुन्हा दाराबाहेर ठेवायची असते, ती मग थेट धक्क्यावरच भेटते. त्याआधी उद्याचे कपडे आणि चप्पल बाहेर काढून ठेवा.