गाय उठते तशी उठणारी गाडी आणि ल्वारचा उगम

बाबा सांगलीहून माझ्याकडं फ्रान्समध्ये ल्योंला आले तेव्हा मे महिना संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात उभी असलेली माझी गाडी पाहिली आणि काळजीनं विचारलं, "अगं, हिचे पाटे बसलेत का?" रात्रभर उभी राहून गाडी जमिनीला टेकायच्या बेतात आली होती. मी किल्ली फिरवली. काही सेकंद नुसतं इंजिन चाललं, मग मागची बाजू सावकाश वर आली आणि तिच्यामागून पुढची.

"गाय उठते तशी उठली की गं," बाबा म्हणाले. "आधी मागचे पाय, मग पुढचे."

सहा वर्षं मी ही गाडी सांभाळते आहे, पण तिचं इतकं नेमकं वर्णन मला सुचलं नव्हतं.

गाडी आहे 1989 सालची सित्रोएन बीएक्स. इथले लोक 'बे-इक्स' म्हणतात. 1982 साली आयफेल टॉवरखाली तिचं अनावरण झालं आणि 1994 पर्यंत ती बनत राहिली. तिला पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत, नेहमीचे शॉकअपही नाहीत. प्रत्येक चाकाला पोलादाचा एक गोळा आहे. गोळ्याच्या आत मधोमध रबरी पडदा, एका बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला हिरवं तेल. चाक खड्ड्यावरून उसळलं की पिस्टन तेल ढकलतं, तेल पडद्याला ढकलतं आणि नायट्रोजन आकसतो. धक्का त्या वायूत जिरतो. गाडीत माणसं बसली, सामान भरलं की उंची सांभाळणारा व्हॉल्व्ह आणखी तेल आत सोडतो आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. ब्रेकही त्याच तेलावर चालतात. मागच्या ब्रेकचा दाब मागच्या सस्पेन्शनमधूनच येतो, म्हणून मागं वजन जास्त असेल तर मागचा ब्रेकही तेवढा जोरात लागतो. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी गाडीच्या खरोखर प्रेमात पडले.

बाबांची 31 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांना हे सगळं कागदावर काढून दाखवावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "हा 'टक' आवाज कसला?"

तोच खरा प्रश्न होता. पंप तेलाचा दाब 170 बारपर्यंत नेतो आणि थांबतो. दाब 145च्या आसपास उतरला की रेग्युलेटर 'टक' करून पंपाला पुन्हा कामाला लावतो. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम 2 बार हवा असते, यावरून अंदाज यावा. मधल्या काळात दाब साठवून ठेवायला पाचवा गोळा असतो. वर्षानुवर्षं रबरातून नायट्रोजन झिरपत जातो, गोळा मरतो आणि 'टक' लवकर लवकर यायला लागते. बाबांनी घड्याळ लावलं. चार सेकंद. "ही दमलेल्या माणसाच्या श्वासासारखी चालली आहे," ते म्हणाले.

नवा गोळा कपाटात आणून ठेवलेला होता, तो त्याच दुपारी आम्ही बसवला. आधी रेग्युलेटरचा स्क्रू दीड फेरा सैल करून दाब उतरवायचा, मग साखळीच्या पान्यानं गोळा फिरवायचा. गाडीखाली घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड, लावल्याशिवाय हात घालायचा नाही, कारण दाब गेला की ही गाडी खाली येते आणि खाली कोण आहे ते बघत नाही. बाबांनी दोन्ही घोड्या तीनदा हलवून पाहिल्या. नवी रबरी रिंग तेलात बुडवून बसवली, गोळा फक्त हातानं आवळला. इंजिन सुरू केलं. टक. बाबा ओठ हलवत मोजत राहिले. एकतीस.

शनिवारी ल्वार नदीचा उगम बघायला निघालो. सेंत-एतिएन मागं पडलं आणि ल प्वीच्या अलीकडे डोंगर काळे व्हायला लागले. हा सगळा प्रदेश ज्वालामुखीचा. ल प्वी गावात लाव्हाच्या सुळक्यावर बांधलेलं चर्च आहे, 268 पायऱ्यांचं. बाबा चढले नाहीत, पण खालच्या दगडावर हात फिरवून म्हणाले, "हा तर आपलाच दगड." बेसॉल्टच तो. सात हजार किलोमीटरवर माणसाला घरचा दगड भेटावा, याचं मला त्यांच्याइतकंच भरून आलं.

पुढं मेझँकच्या पठारावर रस्ता अरुंद होतो, डांबराला ठिगळं दिसतात. अशा रस्त्यावर ही गाडी चालवणं हे मोठं सुख आहे. स्टिअरिंगवर खड्डा जाणवतो, पाठीला कळत नाही. बाबांना मी पॉल माजेसबद्दल सांगत होते. या सस्पेन्शनमागचं डोकं त्याचं. 1954 साली ते सित्रोएनच्याच त्राक्सिओं गाडीच्या एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना लावून पाहिलं आणि 1955 साली डीएस या नव्या गाडीच्या चारही चाकांना.

"कुठल्या कॉलेजचा?"

"कुठल्याच नाही. सतराव्या वर्षी कंपनीत लागला, तिथंच शिकला."

बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. कुरणांत रानटी नार्सिससची पांढरी फुलं होती.

लेझ-एस्ताब्लला जेवायला थांबलो. परत आलो तर गाडीखाली हिरवा डाग. बॉनेट उघडलं. टाकीवरच्या काचेतली पिवळी खूण दोन लाल रेघांच्या खाली गेली होती. बाबा म्हणाले, "इथं ब्रेक ऑइल मिळेल की कुठंतरी. घालू थोडं."

मी जवळजवळ ओरडलेच. "नाही बाबा! तेवढं करू नका." हिरवं तेल खनिज असतं. नेहमीचं ब्रेक ऑइल त्यात गेलं तर सगळी रबरी सीलं फुगून खराब होतात आणि मग काही दिवसांत सगळीच सिस्टीम काढावी लागते. या गाड्या ज्या कारणानं भंगारात जातात त्यातलं हे एक कारण, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. डिकीत एक लिटरचा डबा नेहमी असतो, तो मी टाकीत रिकामा केला.

गळती दाबाच्या लाइनला नव्हती, हा मोठा दिलासा. तेल टाकीकडं परत नेणाऱ्या रबरी नळ्यांचा जुडगा असतो, त्याला इथले मेकॅनिक 'पिएव्र' म्हणतात, म्हणजे ऑक्टोपस. त्याचा एक पाय चिरला होता. खालच्या गावातल्या गॅरेजात सत्तरीचा एक माणूस होता. त्यानं नळीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि मान डोलावली. बाबांनी चिरेच्या अलीकडे-पलीकडे दोन बोटं धरून दाखवलं, कुठं कापायचं ते. त्यानं थोडं आणखी मागं बोट ठेवलं, कारण तिथपर्यंत रबर कडक झालं होतं. बाबांनी हात लावून पाहिला आणि लगेच मानलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नवा तुकडा, दोन क्लिपा, वीस मिनिटं. त्यानं पैसे नळीचे आणि तेलाच्या नव्या डब्याचे घेतले. कामाचे घेतले नाहीत.

संध्याकाळी जेर्बिए द जोंच्या पायथ्याशी पोचलो, 1,551 मीटरचा घुमटासारखा डोंगर. इथं ल्वार उगम पावते. एका जुन्या शेतघराच्या गोठ्यात दगडाच्या कुंडात पाण्याची बारीक धार पडते. बाबांनी चप्पल काढली. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "महाबळेश्वरला गोमुखातून येतं तसंच." कृष्णा पश्चिमेचा समुद्र जवळ असताना पूर्वेला निघते आणि 1,400 किलोमीटर चालते. ल्वारही भूमध्य समुद्राकडं पाठ करून हजार किलोमीटर जाते आणि अटलांटिकला मिळते. सांगलीच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाला हे सांगताना माझा आवाज जरा हलला.

रात्री तिथंच एका खोलीत राहिलो. सकाळी दव पडलं होतं आणि गाडी गवताला टेकलेली. बाबांनी किल्ली मागितली. मागची बाजू उठली, मग पुढची. ते उतरून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, मीही बोलले नाही.

टक.

"तेहतीस," ते म्हणाले. मग खाली वाकून गवतावर हिरवं काही सांडलं नाही ना ते पाहिलं, आणि तेलाचा डबा डिकीत नीट कोपऱ्यात बसवला.