बजी आणि कॉकटीलची पिसं गळतात तेव्हा

बजी आणि कॉकटील हे घरात पाळले जाणारे, पोपटाच्या जातीचे छोटे पक्षी. त्यांच्या पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा सडा दिसला की बहुतेक जण आधी दुकानात जाऊन व्हिटॅमिनच्या थेंबांची बाटली आणतात. मोल्टिंग म्हणजे पिसगळ हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नाही. झिजलेलं पीस गळतं आणि त्याच जागी नवं उगवतं, इतकंच. पिसात जवळपास 90 टक्के प्रथिन असतं. ते पक्ष्याच्या खाण्यातूनच येणार. म्हणून या काळात त्याला चांगलं खाणं, पुरती झोप, कोरडी जागा आणि शांतता लागते. गोव्यात कोरडेपणा आणि शांतता मिळवणं जास्त कष्टाचं.

बजीची पहिली पिसगळ तीन-चार महिन्यांचं वय झालं की होते. कपाळावरच्या काळ्या पट्ट्या जातात आणि तिथे एकसारखा रंग येतो. पुढे घरातल्या पक्ष्याला ठरावीक ऋतू राहत नाही. वर्षातून एकदा, दोनदा, कधी त्याहून जास्त वेळाही पिसं गळतात आणि एक खेप काही आठवडे चालते. पंख-शेपटीची मोठी पिसं एकदम जात नाहीत. थोडी थोडी आणि दोन्ही बाजूंनी सारखी गळतात, म्हणून पक्षी उडू शकतो आणि अंगावर टक्कल पडत नाही. पक्षी जरा मलूल असतो, जास्त झोपतो, हात लावला की चिडतो. ते चालतं.

आता खाणं. नुसत्या राळे-बाजरीच्या दाण्यांवर पिसं नीट येत नाहीत. दाण्यात प्रथिन कमी असतं आणि लायसिन हा प्रथिनाचा घटक तर फारच कमी. भिजवलेल्या मुगात लायसिन भरपूर, पण पिसांना लागणारा मेथिओनिन हा दुसरा, गंधकयुक्त घटक कमी. अंड्यात दोन्ही मिळतात. अंडं 12 मिनिटं पूर्ण कडक उकडा आणि स्वच्छ धुतलेल्या कवचासकट कुस्करा. बजीला अर्धा चमचा, कॉकटीलला एक चमचा, एक दिवसाआड पुरे. इथल्या दमट उकाड्यात हे खाणं दोन तासांनी उचलायचंच, एप्रिल-मेमध्ये तासाभरातच. नाहीतर मुंग्या येतात आणि त्याआधी जंतू वाढतात. मूग आठ-दहा तास भिजवून मोड येऊ द्या, दोन-तीनदा धुवा. पावसाळ्यात मोडांना चिकटपणा किंवा आंबूस वास लवकर येतो, तेव्हा वाफवून दिलेले बरे. शेवग्याचा पाला, तांबड्या भाजीची पानं, किसलेलं गाजर यांपैकी काहीतरी रोज असावं. पिसांना आणि कातडीला लागणारं अ जीवनसत्त्व त्यातून मिळतं. अव्होकाडो, चॉकलेट, कांदा, खारट फरसाण कधीच नको.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन लावा. पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर माकुळाच्या पाठीतली ही पांढरी पाटी सहज सापडते. मात्र ती तशीच पिंजऱ्यात लावू नका. मीठ निघावं म्हणून तीन-चार दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग उकळा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. तेलाने माखलेला किंवा डागाळलेला तुकडा घेऊ नका.

पाण्यात घालायच्या व्हिटॅमिनच्या थेंबांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. पाण्याची चव बदलली की पक्षी कमी पितो, उकाड्यात ते पाणी लवकर नासतं, आणि अ व ड जीवनसत्त्व जास्त झालं तर अपायच होतो.

नवं पीस आधी टोकदार काट्यासारखं वर येतं. जवळून बघा: वरचा भाग मेणचट पांढऱ्या आवरणात असतो, मुळाशी निळसर-काळपट झाक असते. ती झाक म्हणजे आतलं रक्त. पीस पूर्ण वाढलं की रक्त आटतं, आवरण सुकून कोंड्यासारखं सुटतं. अंगावरचं आवरण पक्षी स्वतः काढतो, पण डोकं आणि मानेला त्याची चोच पोहोचत नाही. जोडीदार असेल तर तो मदत करतो. पक्षी एकटा आणि माणसाळलेला असेल तर अशा पिसाचं टोक आपल्याला दोन बोटांत हलकेच चोळता येतं. फक्त मुळापर्यंत पांढरं, सुकं दिसेल तेच पीस. झाक असेल तर दुखतं, तो ओरडेल, ते पीस सोडून द्या.

आंघोळीने आवरण मऊ होतं. उथळ ताटलीत बोटाच्या एका पेरापेक्षा कमी साधं पाणी, सकाळी दहाच्या आत. बजींना भिजवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीत लोळायलाही आवडतं. झडीच्या दिवसांत आंघोळ टाळा, पिसं दिवसभर ओलसर राहतात. ड्रायर नको, अंगाला खोबरेल तर मुळीच नको, पिसं चिकटतात आणि ऊब राहत नाही.

जून ते सप्टेंबर दाण्यांना बुरशी लागते. पाच किलोचं पोतं स्वस्त पडतं, तरी अर्धा किलोच आणा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. कुबट वास, जाळी किंवा गुठळी दिसली की सगळं फेका. धुऊन-वाळवून बुरशीचं विष जात नाही. तळाचा कागद रोज बदला. किडे होऊ नयेत म्हणून डांबराच्या गोळ्या पिंजऱ्याजवळ ठेवायची पद्धत घातक आहे. मच्छर कॉइल, धूप आणि तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूरही तसाच. नॉनस्टिकच्या धुराने तर पक्षी काही मिनिटांत मरतो.

झोप दहा ते बारा तास. हॉलमधली ट्यूबलाइट मध्यरात्रीपर्यंत जळत राहिली तर दिवस लांबतो आणि पिसगळ थांबतच नाही. महिनोन्महिने पिसं गळत असतील तर आधी दिवा बघा. पिंजऱ्यावर पातळ सुती कापड घाला, एक बाजू उघडी ठेवा. कॉकटील अंधारात दचकून धडपडतो आणि वाढत्या पिसाला मार बसतो. म्हणून वीज गेल्यावरही चालेल असा छोटा रात्रदिवा असावा. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या खोलीत आरत्या, धूप, बाहेर फटाके. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत ढणढणाट. त्या दिवसांत पिंजरा मागच्या खोलीत हलवा. हलवाहलव आदल्या दिवशीच करा, म्हणजे पक्षी रुळतो.

वाढतं पीस मोडलं तर ते नळीसारखं असल्यामुळे रक्त वाहत राहतं. 35 ग्रॅमच्या बजीत रक्त असतं जेमतेम साडेतीन मिलीलीटर. मऊ कापडात धरा, मोडलेल्या टोकाला कॉर्नफ्लॉवर लावा आणि दोन-तीन मिनिटं हलका दाब द्या. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली नाही तर तो गुदमरतो. पीस स्वतः उपटू नका. रक्त थांबत नसेल तर लगेच डॉक्टर.

टक्कल दिसलं तर जागा बघा. छाती-पोटावर टक्कल आणि डोकं शाबूत असेल तर तो स्वतःच पिसं उपटतोय. फक्त डोक्यावर असेल तर साथीदाराचा संशय घ्या. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनो कॉकटीलच्या तुऱ्यामागचं टक्कल मात्र जन्मजात असतं. चोचीभोवती सच्छिद्र पांढरी खपली म्हणजे माइट, कातडीत शिरणारे अगदी बारीक किडे. पिल्लाच्या पंख-शेपटीची पिसं पुन्हा पुन्हा गळत असतील किंवा वेडीवाकडी येत असतील, तर विषाणूची शक्यता धरून त्याला लगेच वेगळं ठेवा. त्याची पिसं आणि धूळही इतरांपर्यंत जाऊ देऊ नका.

रोज सकाळी खाण्याआधी 1 ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. फुगलेल्या पिसांखाली रोडपणा डोळ्यांना दिसत नाही. वजन दहा टक्के घटलं, पक्षी तळाशी बसून राहिला किंवा श्वासाबरोबर शेपटी वरखाली होऊ लागली, तर त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. जाताना वजनाची वही, खाली पडलेली दोन-चार पिसं आणि विष्ठेचा कागद सोबत घ्या.