वाड्याची माडी आणि प्लायचे रेषे

जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या माडीचं काम हाती होतं. कडीपाट उचकटला तर सागवानी कड्या ठणठणीत, फळ्या मात्र वाळवीने पोखरलेल्या. कड्यांमधलं अंतरही कुठे 14 इंच, कुठे 20. त्यावर आता कुठला बोर्ड टाकायचा, यातच सकाळ गेली.

मालकांचा मुलगा एचडीएचएमआरचा, म्हणजे ओल सोसणाऱ्या दाट दाबलेल्या लाकूडतंतूंच्या बोर्डाचा, नमुना घेऊन आला. "साहेब, याला पाणी लागलं तरी काही होत नाही म्हणे." दुकानदार फार चुकीचं सांगत नव्हता. पण मला पाण्याइतकीच दोन कड्यांमधल्या 20 इंचांच्या गाळ्याची काळजी होती. मालकांच्या मनात सिमेंट बोर्ड होता. 18 मिलीमीटर (मिली) जाडीची आठ बाय चार फुटांची शीट 65 किलोच्या घरात जाते. जुन्या कड्यांवर एवढं ओझं कशाला? तो विषय तिथेच मिटला.

मिस्त्रींकडून 4 इंची पट्ट्या कापून घेतल्या, सगळ्या 18 मिलीच्या. एक एचडीएचएमआरची, दोन पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायच्या: एक शीटच्या लांबीत, म्हणजे वरच्या रेषांच्या दिशेने, एक आडवी. सगळ्यात रुंद गाळ्यावर ठेवून एकेकीवर उभा राहिलो. एचडीएचएमआरने चांगलाच झोल खाल्ला. प्लायची लांबीतली पट्टी जेमतेम दबली. आडवी मात्र चांगलीच वाकली.

"दोन्ही एकाच शीटच्या ना हो?" मुलाने खाली वाकून पाहिलं.

एकाच शीटच्या. वरच्या व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ थराचे, रेषे कड्यांना काटकोनात आले तर प्लाय ताठ राहतो. कड्यांना समांतर आले की बराच जोर जातो, कारण वाकण्याचा ताण मुख्यतः बाहेरचे थर घेतात.

प्लाय ठरला. माडीवर मोरी, त्यात नाशकाचा पावसाळा, म्हणून आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घेतला. त्या प्लायचे थर धरणारा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. खरी अडचण जिन्याची. भिंतीतला जिना इतका अरुंद की अख्खी शीट वळेना. चार बाय चारचे तुकडे करावे लागले, आणि चौकोनी तुकडा घाईत कसाही पडतो. म्हणून कापायच्या आधीच प्रत्येकावर खडूने रेषांच्या दिशेचा बाण काढला. जोड कडीवरच घेतले, दोन कड्यांच्या मधे येणाऱ्या बोर्डांच्या कडांखाली लाकडाचे आडवे तुकडे बसवले, दोन बोर्डांत 3 मिलीची फट सोडली. मिस्त्री खिळ्यांवर अडून होते. खिळे कालांतराने सैल होतात आणि जमीन करकरायला लागते, म्हणून स्क्रूच मारायला लावले.

एचडीएचएमआरही आणला शेवटी, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांसाठी.